संगणक अडला की लगेच ‘फॉरमॅट मार’? या चुका टाळा

संगणक हळू चालायला लागला, मध्येच अडकला किंवा निळी स्क्रीन दिसली की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, “फॉरमॅट मारून टाकू, होईल नीट.” कोल्हापुरात पेठेत असो वा उपनगरात, दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांची सगळ्यात जास्त वाट याच एका वाक्याने लागलेली असते. दोष डिस्कमध्ये असेल तर फॉरमॅटने तो जात नाही. उलट त्या डिस्कवर असलेलं सगळं जातं.

फॉरमॅटचा विचार करण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कचा आलेख बघा. डिस्क १०० टक्के व्यस्त आहे, पण वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम एक-दोन एमबी आहे, असं दिसलं तर संशय थेट डिस्कवर घ्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा. साध्या हार्ड डिस्कसाठी त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६. म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), वाचता न येणारे सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्हींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ मोजणी, शून्य हवी. हे आकडे आधीपासून हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले, दिसतात, म्हणून सेटिंगमध्ये ते दशमानात करून घ्या, नाहीतर १० दिसतं तिथे खरे १६ असतात. सी७ ही ओळ वेगळी आहे. फक्त तीच वाढत असेल तर बहुधा डिस्क चांगली असते आणि डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल खराब किंवा सैल असते. शे-दीडशे रुपयांची केबल बदलून बघायच्या आधी डिस्क फेकू नका.

सी५ शून्याच्या वर असेल आणि रोज वाढत असेल तर बाकी सगळं थांबवा. बाहेरची डिस्क जोडा आणि जे परत मिळणार नाही ते आधी उतरवा: कागदपत्रं, मग फोटो, सिनेमे सर्वांत शेवटी. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी कमांड, त्यानंतर. अनेक जण नेमकं उलट करतात, आधी चेकडिस्क स्लॅश आर लावतात. ही कमांड पूर्ण डिस्क वाचायला लावते. आधीच दमलेली डिस्क तासन्‌तास राबते आणि कधीकधी त्यातच बंद पडते.

मंगळवार पेठेतल्या एका घरात नेमकं हेच झालं. एक टीबीची हार्ड डिस्क, त्यात घरातल्या लग्नांचे आणि बारशांचे सगळे फोटो. मशीन उघडायला पाच-सात मिनिटं लागायची आणि मध्येच टक्‌टक्‌ आवाज यायचा. भाचा म्हणाला, “मामा, विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारू.” त्याने सगळी पार्टिशन्स (डिस्कचे सी, डी असे भाग) काढली, नवी केली आणि विंडोज टाकली. आठवड्यात तोच त्रास पुन्हा सुरू झाला, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विंडोजची कॉपी अर्ध्यात अडकली, तेव्हा कुठे डिस्क तपासायला आली. तोवर सी५ हजारांच्या घरात गेला होता. पार्टिशन काढल्याने हार्ड डिस्कवरचा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची नोंद जाते. पण प्रत्येक नव्या विंडोजने त्याच जागेवर काही जीबी लिहिले होते. जे फोटो परत मिळाले त्यातले बरेच अर्धवट उघडत होते, खालचा भाग करडा. तो टक्‌टक्‌ आवाज ऐकला त्याच दिवशी फोटो उतरवले असते तर बहुतेक सगळे वाचले असते.

फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी असेल तर तेवढीही संधी मिळत नाही. फाइल काढली किंवा फॉरमॅट केलं की विंडोज ट्रिमची, म्हणजे ही जागा आता नको असल्याची, सूचना पाठवते आणि डिस्क ते ब्लॉक आतून मोकळे करते. मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर सहसा काही आणून देत नाही.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे, तरी लोक तिला हसण्यावारी नेतात. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की दिवा लागतो आणि उत्तर ठरलेलं: “थोडा करंट मारतो, चप्पल घालून बस.” हे अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटलेला असेल तर त्यांच्यामुळे बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट, म्हणजे २३० च्या निम्मे, उभे राहतात. करंट अगदी कमी म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात. पण त्या अवस्थेत यूएसबी किंवा एचडीएमआय केबल लावली की पोर्ट जळू शकतो. आणि एसएमपीएसमध्ये आत बिघाड होऊन फेज बॉडीला टेकली तर पूर्ण २३० व्होल्ट माणसाच्या हातात येतात.

जुन्या वाड्यांमध्ये दोन तारांचं वायरिंग अजून आहे, त्यामुळे थ्री-पिनचा जाड पिन तोडून किंवा टू-पिन अडॅप्टर लावून संगणक चालवणारे भरपूर. हे करू नका. मल्टीमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियनला घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, फेज-अर्थ जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूपच कमी किंवा हेलकावे खाणारं दिसलं तर अर्थ नाही असं समजा. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘अर्थिंग केलं’ म्हणून पैसे घेतात. हा शॉर्टकट चक्क धोकादायक आहे, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर संगणकाची बॉडी थेट २३० व्होल्टवर येते. खरं अर्थिंग जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून वेगळी तार ओढूनच होतं. त्यासाठी एक दिवस आणि थोडे पैसे खर्च करायला घाई असलेली माणसं तयार नसतात, याचं वाईट वाटतं.

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ‘पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार वाढते. त्यावर मदरबोर्ड बदलायला निघू नका, आधी रॅम काढून बसवा. मेन केबल काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. खोडरबर वापरायचाच तर मऊ पांढरा, हलक्या हाताने आणि बोर्डापासून लांब. बसवताना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

तारीख रोज मागे जाते आणि प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते? राउटरला किंवा व्हायरसला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदला.

ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

अडचण आली की ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून तसाच परत उचलला जातो, म्हणजे अडकलेला ड्रायव्हरही परत येतो.

गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास काजळी उडते आणि ती प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढला तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरे. चटणी लावल्यासारखी जाड थापू नका.

लॅपटॉपचं टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न नको.

आता पुराचं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी इशाऱ्यालाच कॅबिनेट आणि यूपीएस वरच्या मजल्यावर न्यावेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर लोकांनी भिजलेले संगणक उन्हात वाळवून चालू करून पाहिले आणि वाचण्याजोग्या डिस्क त्यातच गेल्या. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गाळाचं पाणी आत शिरू शकतं. ते वाळलं की गाळ प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, चिकटतो आणि डिस्क फिरताच वाचणारं हेड घासतं. भिजलेली डिस्क चालू करू नका, तांदळात ठेवू नका, वाळवूही नका. ओलसर असतानाच झिप पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे तशीच द्या.