गोल्ड रशच्या इतिहासाचा माग काढताना या चुका टाळा

१९व्या शतकातील गोल्ड रश (सोने सापडल्याच्या बातमीने उडालेली लोकांची झुंबड) आणि सोन्याच्या खाणींचा इतिहास हा प्रश्नमंजूषेची आवड असलेल्यांसाठी न आटणारा विषय आहे. त्यातील बहुतेक लोकप्रिय गोष्टींमागे एखादी रोजनिशी, पेटंट किंवा जुने वृत्तपत्र असते आणि त्या मूळ कागदापर्यंत पोहोचण्यातच या छंदाचा खरा आनंद आहे. पुढील चुका केल्यास माहिती तर चुकतेच, शिवाय हा आनंदही हातचा जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घटनेचा नायक सांगतो तेच प्रमाण मानणे. जेम्स मार्शलला कॅलिफोर्नियात कोलोमा येथे, जमीनदार जॉन सटरसाठी उभारल्या जात असलेल्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या चरात सोन्याचे कण दिसले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या घटनेची तारीख मात्र मार्शलने नंतरच्या आठवणींत १८ किंवा १९ जानेवारीच्या आसपासची सांगितली. आज सर्वत्र दिली जाणारी २४ जानेवारी १८४८ ही तारीख आली ती हेन्री बिगलर या तिथल्याच एका कामगाराच्या रोजनिशीतून. गिरणीच्या चरात सोन्यासारखा दिसणारा कसलातरी धातू सापडल्याची नोंद त्याने त्याच दिवशी, अशुद्ध स्पेलिंगमध्ये करून ठेवली होती. ज्याने सोने उचलले त्याच्या स्मृतीपेक्षा शेजारी काम करणाऱ्या साध्या माणसाची दोन ओळींची नोंद अधिक विश्वासार्ह ठरावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. म्हणून दोन तारखा समोर आल्या की आधी पाहावे ते हे, की कोणती नोंद त्याच काळात झाली आणि कोणती वीस-तीस वर्षांनी सांगितली गेली.

‘पहिला’ हा शब्द आला की सावध व्हावे. मार्शलच्या सहा वर्षे आधी, १८४२ मध्ये, फ्रान्सिस्को लोपेझ याला लॉस एंजेलिसजवळच्या एका दरीत सोने मिळाले होते. तर अमेरिकेच्या पूर्वेकडे नॉर्थ कॅरोलिनात १७९९ मध्येच रीड कुटुंबाच्या शेताजवळील ओढ्यात सोन्याचा मोठा गोळा सापडला होता. त्यामुळे ‘अमेरिकेत सोने प्रथम कोणाला सापडले?’ असा प्रश्न न विचारता ‘१८४९ची झुंबड कोणत्या शोधामुळे उडाली?’ असा विचारावा.

‘फॉर्टीनाइनर्स’, म्हणजे १८४९ च्या झुंबडीत कॅलिफोर्नियात आलेले लोक, रिव्हेट (धातूच्या बोथट खिळ्या) लावलेल्या जीन्स घालून सोने धूत असत, असे बरेच ठिकाणी वाचायला मिळते. या जीन्स विकणारा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोत आला १८५३ मध्ये, आणि खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची कल्पना रीनो येथील शिंपी जेकब डेव्हिस याची. त्या दोघांचे पेटंट २० मे १८७३ चे आहे. कंपनीचे जुने दप्तर १९०६ च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्यामुळे दंतकथांना मोकळे रान मिळाले. पेटंटचा कागद मात्र कोणालाही वाचता येतो.

वजनांच्या बाबतीत फसगत हमखास होते. सोने ट्रॉय औंसात मोजतात आणि तो ३१.१ ग्रॅमचा असतो, तर साधा औंस २८.३५ ग्रॅमचा. गंमत अशी की ट्रॉय पौंड बाराच औंसांचा, म्हणजे सुमारे ३७३ ग्रॅम असल्यामुळे तो साध्या ४५३.६ ग्रॅमच्या पौंडापेक्षा हलका भरतो. (आपल्याकडेही जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजच्या सराफी व्यवहारातला १० ग्रॅमचा, हे विसरू नये.) ऑस्ट्रेलियातील ‘वेलकम स्ट्रेंजर’ या १८६९ च्या प्रसिद्ध गोळ्याची वेगवेगळी वजने छापलेली दिसतात. याचे एक कारण असे की काही आकडे चिकटलेल्या गारगोटीसह आहेत आणि काही शुद्ध सोन्याचे. १८७२ मध्ये ऑस्ट्रेलियातच हिल एंड येथे निघालेला होल्टरमन ‘नगेट’ तर गाळात मिळालेला सुटा गोळा नव्हेच. तो खाणीतल्या शिरेतून काढलेला गारगोटीमिश्रित प्रचंड तुकडा होता. त्यामुळे ‘जगातील सर्वांत मोठा’ म्हणताना कशाची तुलना कशाशी होत आहे, हे स्पष्ट करावे.

१९व्या शतकाच्या अखेरीस जिथे सोन्यासाठी झुंबड उडाली, ते क्लोंडाइक अलास्कात नसून कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आहे. लोक अलास्काच्या बंदरांतून चिलकूट खिंड चढत गेले, एवढ्यावरून हा गोंधळ झाला.

शोध घेताना केवळ आजची नावे टाइप करणे हीदेखील चूकच. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींविषयी जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत वाचायचे असेल, तर ‘म्हैसूर’, ‘चॅम्पियन रीफ’, ‘ऊरगाम’ आणि ‘नंडीड्रूग’ ही खाण कंपन्यांची नावे तत्कालीन स्पेलिंगने शोधावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात यंत्राने वाचलेला मजकूर अनेकदा चुकीचा असतो; अशा वेळी मूळ पानाचे चित्र उघडून पाहावे, आणि शक्य असल्यास तो मजकूर दुरुस्तही करावा, कारण तशी सोय वाचकांना दिलेली आहे.

कोलारचा शोध ‘सोने’ या एका शब्दापुरता ठेवला, तर १९६५ ची घटना हाती लागत नाही. त्या वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह, याच खाणीत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली. खाणींचा इतिहास वाचणाऱ्याने भौतिकशास्त्राची जुनी नियतकालिकेही चाळावीत, ती यासाठीच.