सियागंजातून सामान आणूनही खर्च कमी होत नाही? या चुका टाळा

इंदुरात महिन्याचं सामान भरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, स्वस्त कुठे मिळेल? मग रामबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगर, सगळीकडून माणसं सियागंज गाठतात. तिथले ठोक भाव खरंच कमी असतात. पण वाचवलेले पैसे पुढे घरातच जातात. बेसन खवट होतं, रव्याला जाळी धरते, तळाचे पोहे टाकून द्यावे लागतात. म्हणून दुकान बदलण्याआधी डबे उघडून बघा.

गव्हाचा नियम सगळ्याला लावणं

वर्षाचा गहू भरणं ही माळव्यातली शहाणी सवय आहे, ती मुळीच सोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये नवा लोकवन आणि शरबती येतो, आवक भरपूर असते आणि ऊनही असं कडक की दोन-तीन दिवसांत दाणा खणखणीत वाळतो. मात्र उन्हातून उचललेला गरम गहू तसाच कोठीत ओतू नका. आत वाफ धरते आणि पावसाळ्यात सोंडे होतात. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या, मग भरा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेलाच.

बाकीचं सामान असं टिकत नाही. कणीक, बेसन, शेंगदाणे यांच्यात मुळात तेल असतं, त्यामुळे ते खवट होतात. दळण एका वेळी आठ-दहा किलोच आणा. रवा, मैदा, पोहे पावसाळ्यात महिन्याला पुरतील एवढेच घ्या, मग दहा किलोंवर कितीही सूट असो. तूर डाळ या दोन्हींच्या मधली. उन्हाळ्यात नव्या डाळीचा सहा महिन्यांचा साठा करून तिला एरंडेलाचा हात फिरवला, तर ती छान राहते. डाळीत चार सोंडे दिसले तर चाळून ऊन द्या, डाळ वाचते. रव्यात जाळ्या आणि अळ्या दिसल्या तर मात्र तो टाकाच, आणि डबा धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय नवा रवा भरू नका.

लिटर आणि किलो एकच समजणं

सोयाबीन तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात जवळपास 13.65 किलोच तेल असतं आणि 15 किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांत शंभर रुपयांचा फरक दिसला, तरी स्वस्त दिसणारा डबाच महाग निघू शकतो. पाकिटांचंही तसंच. एमआरपी सोडा, तिच्याजवळ छापलेला प्रति ग्रॅम, किलो, मिलिलिटर किंवा लिटर दर वाचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असं नाही.

पाकिटाच्या कराकडे दुर्लक्ष

जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, कणीक यांवर 5 टक्के जीएसटी आहे. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. ओळखीच्या वाण्याकडची सुटी डाळ मूठभर हातात घेऊन बघा. फुटका दाणा आणि भुसा कमी असेल, तर पाकिटाची गरजच नाही.

सेव किती लागते याचा हिशेबच नसणं

आपल्याकडे पोह्यांवर सेव, वरणभातासोबत सेव, पाहुणे आले की सेव. तरी सामानाच्या यादीत ती नसते, येता-जाता घेतली जाते. ती यादीत लिहा आणि ताजी पाव-अर्धा किलोच घ्या. दोन किलो एकदम आणलेली सेव सादळते, नाहीतर डबा भरलेला दिसतो म्हणून दुप्पट खाल्ली जाते.

चोइथराम मंडीतून धडीनं, म्हणजे पाच-पाच किलोंनी, भाजी आणायची तर बटाटे, कांदे, लसूण आणा आणि बटाटे कांद्यांपासून लांब, अंधारात ठेवा. मेथी-पालक दारावरच्या ठेल्यावरूनच बरे.

कोपऱ्यावरच्या दुकानात उधारीचं खातं असेल तर ते दर आठवड्याला वाचा. दुकानदार चुकीचं लिहितो असं नाही. घरातला जो तो जाऊन काहीतरी आणतो आणि तेच जिरं तीनदा येतं. डब्याच्या झाकणावर भरल्याची तारीख टाका. दोन महिन्यांत कळतं की आपल्या घराला तूर किती किलो लागते, साखर किती, चहा किती. पुढची यादी त्या आकड्यांवरून करा.