पार्ट्स इनवर्डला नवीन लागलात? लेबलं छापायची घाई करू नका

दुचाकीच्या डीलरशिपमध्ये स्पेअर पार्टचं स्टोअर आणि इनवर्ड, म्हणजे आलेला माल आत घ्यायचं काम, हाती आलं की एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यात घ्या. बिल आलं म्हणून बारकोडची लेबलं छापायची नाहीत. लेबल निघतं ते मोजलेल्या मालावरून, बिलावरून कधीच नाही.

हे जरा खोलात सांगतो, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो. समजा बिलावर ब्रेक शूचे २४ सेट आहेत. कुणीतरी बिलाची फाइल सिस्टिमला लावतो, २४ लेबलं काढतो आणि चिकटवायला बसतो. पाकिटं निघतात २३. एक लेबल रोलवर उरतं. बाहेर दुसरा टेम्पो उभा, काउंटरवर मेकॅनिक ओरडतोय, मग कुणीतरी ते उरलेलं लेबल कागदावरच स्कॅन करतो. बीप वाजला, सिस्टिमला २४ जमा. आता ही तूट सापडणार थेट स्टॉक ऑडिटला, आणि तोपर्यंत शॉर्टेज क्लेमची, म्हणजे कमी आलेल्या मालाची भरपाई मागायची, मुदत केव्हाच गेलेली असते. (ही मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. पहिल्याच आठवड्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा.)

तूट तरी परवडली. चुकीचा पार्ट आला असेल तर प्रकार आणखी वाईट. पाकिटात शेजारच्या मॉडेलचा शू आहे, वर तुमचं लेबल बिलातल्या नंबरचं. यापुढे प्रत्येक स्कॅन खोटं बोलणार आणि ते कळणार रॅम्पवर, गाडी खोलून झाल्यावर. स्कॅनर पाकिटाच्या आत बघत नाही, वर जे छापलंय तेच वाचतो.

म्हणून क्रम असा ठेवा. टेम्पो आला की बिल्टीवरचे (ट्रान्सपोर्टच्या पावतीवरचे) नग मोजा. खोका फुटलेला किंवा ओला दिसला तर पोचपावतीवर शेरा मारा, मगच सही. नंतर एका वेळी एकच खोका उघडा. टेबलाच्या डाव्या बाजूला न मोजलेला माल, उजव्या बाजूला मोजलेला. पाकिटावरचा कंपनीचा बारकोड स्कॅन करायचा, तोही स्क्रीनवर बिलातला आकडा दिसत नसताना. आकडा समोर असला की हात आपोआप तिथपर्यंत मोजतो. मोजणी झाली की बिलाशी ताळा. फरक आलेल्या ओळी दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. मग जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टिममधली नोंद), आणि जीआरएनच्या आकड्याइतकीच लेबलं. चिकटवून झाल्यावर लेबल उरलं तर थांबायचं आणि फरक शोधायचा. सापडल्यावर ते फाडून टाका, रोलवर ठेवू नका.

आणि कंपनीचा बारकोड नीट वाचला जात असेल तर स्वतःचं लेबल लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एका पाकिटावर दोन बारकोड म्हणजे स्कॅनर जो आधी दिसेल तो उचलणार. लेबल लागतं ते सुटे नग, लोकल खरेदी, ॲक्सेसरीज आणि फोडलेल्या पॅकला. लावताना छापील एमआरपी झाकली जाणार नाही हे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा एकाच पार्ट नंबरचा जुन्या आणि नव्या एमआरपीचा माल रॅकवर दिसला तर गोंधळू नका. बिन (रॅकवरचा कप्पा) मात्र वेगळी ठेवा.

पॅकचं गणित मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या पार्टांच्या मूळ यादीत, आधी तपासा. स्पार्क प्लगचा १० नगांचा डबा स्कॅन केल्यावर सिस्टिम १ धरते की १०? क्लच प्लेटचा हिशोब नगात आहे की सेटमध्ये? ऑइलच्या बाटलीवरचा ८९० ने सुरू होणारा १३ आकडी कोड म्हणजे पार्ट नंबर नव्हे, तो मास्टरमध्ये जोडून घ्यावा लागतो. एक पाकीट स्कॅन करून पुढे ४० टाइप करण्याचा शॉर्टकट सीलबंद वॉशर-क्लिपांपुरता चालेल. बाकी कुठे नको.

आता लेबलाचा आकार. ५० बाय २५ मिमीचा रोल सगळीकडे मिळतो, पण लांब पार्ट नंबर त्यात मावेलच असं नाही. कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात प्रत्येक अक्षराला ११ मात्रा (मात्रा म्हणजे सगळ्यात बारीक पट्टीची रुंदी) लागतात. १३ अक्षरं, सुरुवातीचं आणि तपासणीचं चिन्ह, आणि शेवटचं १३ मात्रांचं चिन्ह मिळून १७८. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपक्यांच्या) प्रिंटरवर दोन ठिपक्यांची मात्रा ०.२५ मिमी, म्हणजे पट्ट्याच ४४.५ मिमी झाल्या. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी कोरी जागा धरली की ४९.५. रोल केसभर सरकला तरी वाचन बंद. दहा अक्षरं आरामात बसतात, त्याहून लांब नंबरांना मोठं लेबल किंवा क्यूआर घ्या. जुना लेझर स्कॅनर क्यूआर वाचत नाही, हे खरेदीआधी बघा. आणि डिझाइन माउसने ओढून लहान करू नका. पट्ट्या अर्ध्या ठिपक्यावर येतात, डोळ्यांना छान दिसतात, स्कॅनरला वाचता येत नाहीत.

रिबनशिवायचा (शाईच्या फितीशिवाय, नुसत्या उष्णतेवर छापणारा) थर्मल कागद स्टोअरला नको. उष्णतेने काळा पडतो, ऑइलच्या बोटांनी फिका होतो. पाकिटांना साधा कागद आणि वॅक्स रिबन पुरते, रॅकच्या बिनला पॉलिस्टर आणि रेझिन रिबन. शॉकअपसारख्या गोल वस्तूवर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या याव्यात. केबलला लेबल गुंडाळू नका, टॅग बांधा.

स्कॅनर अचानक देवनागरीत बडबडायला लागला तर घाबरू नका, बिघडलेला नाही. तो कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असतो. कुणीतरी मराठीत पत्र टाइप करून भाषा तशीच ठेवलेली असते. इंग्रजी करा, कॅप्स लॉकही बघा.

एक्सेलमधून लेबलं काढत असाल तर पार्ट नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मग डेटा आणा. नंतर करून उपयोग नाही. पुढचं शून्य तोवर उडालेलं असतं, आणि आकड्यांच्या मधोमध ई अक्षर असलेला नंबर भलत्याच घातांकात गेलेला असतो. छापण्याआधी प्रत्येक बॅचचं पहिलं आणि शेवटचं लेबल स्कॅन करून बघा.

शिकायचं कुणाकडून? सॉफ्टवेअरवाल्याच्या दोन तासांच्या ट्रेनिंगपेक्षा जुन्या स्टोअरकीपरच्या शेजारी आठवडाभर बसा. पाकीट हातात घेऊन वजनावरून आतला पार्ट ओळखणारी माणसं आहेत ही. फक्त "सील आहे ना, मोजायचं कशाला" एवढं त्यांचं ऐकू नका.

सुरुवातीला हे सगळं संथ वाटेल, टेम्पोवाला कटकट करेल. करू द्या. महिन्याभरात हात बसतो. आणि वर्कशॉपमधून फाटकं पाकीट परत आलं तर थेट बिनमध्ये टाकू नका. पार्टवर कोरलेला नंबर बघून, नवीन लेबल लावूनच आत घ्या.