‘मला मान्य आहे’ वर क्लिक घेतलंत, पण ते कोर्टात टिकेल? या चुका टाळा

क्लिकने झालेला करार कायद्याने चालतो का, असं हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी विचारते आणि सदाशिव पेठेतला ऑनलाइन टेस्ट सिरीज विकणारा क्लासही विचारतो. उत्तर सरळ आहे : चालतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० ला सक्षम पक्षकार, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश हवा असतो. शाईची सही लागतेच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०अ आलं. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अंमलबजावणीयोग्य नाही असं म्हणता येत नाही, हे त्याने स्पष्ट केलं. त्यामुळे समोरचा वकील कायद्यावर फारसा भांडत नाही. तो म्हणतो, ‘माझ्या अशिलाने क्लिक केलंच नाही,’ किंवा ‘केलं तेव्हा ही अट तिथे नव्हती.’ गाडी अडते ती इथे.

बटण वर, अटी तळाशी

अमेरिकेत २००२ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या खटल्यात नेमकं हेच झालं. डाउनलोडचं बटण समोर होतं आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्यावरच दिसत होता. त्या अटी वापरकर्त्यावर बंधनकारक नाहीत, असं अपील कोर्टाने ठरवलं. तो निकाल आपल्या कोर्टांना बांधत नाही, पण दिसलेच नाही ते मान्य कसं केलं, हा मुद्दा इथेही कुणीही उभा करू शकतो.

टिकबॉक्स बटणाच्या लगेच वर ठेवा, रिकामा ठेवा आणि टिक होईपर्यंत बटण निष्क्रिय राहू द्या. अटींचा दुवा नव्या टॅबमध्ये उघडावा, नाहीतर भरलेला फॉर्म पुसला जातो आणि लोक दुव्याच्या वाटेलाच जात नाहीत. तपासणी स्वस्तातल्या छोट्या फोनवर करा. कीबोर्ड उघडला की टिकबॉक्स झाकला जातो, हे लॅपटॉपवर कधीच लक्षात येत नाही. आधीच टिक केलेला चौकोन तर नकोच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये त्याला स्पष्ट मनाई आहे. ‘संकेतस्थळ वापरलंत म्हणजे अटी मान्य’ ही तळातली ओळ सगळ्यात कमजोर. तिच्या भरवशावर वसुलीचा दावा लावू नये.

आणखी एक गल्लत म्हणजे अटींची मान्यता आणि वैयक्तिक माहिती वापरण्याची संमती एकाच टिकमध्ये घेणं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती विशिष्ट आणि विनाअट लागते, देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं लागतं आणि सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दोन चौकोन आत्ताच वेगळे करून टाका.

डेटाबेसमध्ये नुसतं ‘हो’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डेव्हलपर एक रकाना करतो, ‘अटी मान्य : हो’, आणि विषय संपतो. कशाला हो, कोणत्या मजकुराला, कधी, कुणी? अटींचं पान मधल्या काळात चार वेळा बदललेलं असतं आणि प्रत्येक वेळी जुन्या मजकुरावरच नवा चढवलेला असतो. नोंद पुढीलप्रमाणे दिसली पाहिजे :

वापरकर्ता क्रमांक, पडताळलेला मोबाइल किंवा ईमेल, ओटीपी कधी पाठवला आणि कधी जुळला, क्लिकची तारीख व सेकंदापर्यंत वेळ, भारतीय प्रमाणवेळेच्या उल्लेखासह, आयपी पत्ता, अटींची आवृत्ती, उदाहरणार्थ ३.२, त्या आवृत्तीच्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारी तिची डिजिटल खूण), बटणावरचे शब्द.

प्रत्येक आवृत्तीची पीडीएफ आणि त्या काळातल्या नोंदणी पडद्याचा स्क्रीनशॉट वेगळ्या, फक्त वाचता येईल अशा जागी ठेवा. सर्व्हर लॉगवर विसंबू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं सक्तीचं आहे, म्हणून अनेक ठिकाणी ते त्यानंतर आपोआप पुसण्याची सोय केलेली असते. करारभंगाच्या दाव्याची मुदत मात्र ३ वर्षं. मान्यतेची नोंद करार संपल्यावरही किमान तेवढी टिकली पाहिजे.

नोंद असली तरी ती कोर्टात तशीच वाचली जात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागू आहे आणि त्याखालचं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं : एक यंत्रणा सांभाळणाऱ्याने, दुसरा तज्ज्ञाने, हॅशच्या उल्लेखासह. जुन्या पुरावा कायद्यातल्या अशाच कलम ६५ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सांगितलं होतं. सही कोण करणार हे आधीच ठरवा; सिस्टिम सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर शोधाशोध होते.

समोर कंपनी असेल तर एक टिक वाढवा : ‘मी या कंपनीच्या वतीने करार करण्यास अधिकृत आहे.’ नाव, पदनाम आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल घ्या. ‘आमच्या इंटर्नने क्लिक केलं होतं’ हा बचाव त्याने बराचसा बोथट होतो.

अटी बदलल्या, कळवलं नाही

‘आम्ही कधीही अटी बदलू शकतो’ असं लिहिलं म्हणजे काम झालं, हा गैरसमज. करारातला बदल दोघांच्या संमतीनेच होतो. नवी आवृत्ती आली की ईमेल पाठवा, पुढच्या लॉगिनला काय बदललं ते दोन-तीन ओळींत दाखवा आणि पुन्हा टिक घ्या. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांना मुदत संपेपर्यंत जुन्या अटींवरच ठेवणं शहाणपणाचं.

क्लिक करणारा सतरा वर्षांचा

अकरावी-बारावीच्या क्लासेसनी इकडे खास लक्ष द्यावं. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच शून्य, हे मोहरी बीबी खटल्यापासून, म्हणजे १९०३ पासून ठरलेलं आहे. ‘माझं वय १८ पूर्ण आहे’ असा टिक घेतला तरी करारात जीव येत नाही. जन्मतारीख विचारा आणि १८ च्या आत असेल तर ओटीपी पालकांच्या मोबाइलवर पाठवून करार पालकांशीच करा. पावतीही त्यांच्या नावाने.

उचललेली अधिकारक्षेत्राची अट

परदेशी संकेतस्थळावरून अटी उचलल्या की बाणेरच्या कंपनीच्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा येऊन बसतो. त्याऐवजी भारतीय कायदा आणि ‘फक्त पुणे येथील सक्षम न्यायालये’ असं लिहा. मात्र ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही, त्याला करार करून अधिकार देता येत नाही. ग्राहकाला तर ही अट अडवतच नाही : २०१९ च्या ग्राहक कायद्याने तो स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो, करारात लवादाची अट असली तरी. आणि ‘लवाद एकटी कंपनीच नेमेल’ हे वाक्य काढून टाका. अशा एकतर्फी नेमणुकीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घटनापीठाने फुली मारली आहे.

जिथे क्लिक पुरतच नाही

मृत्युपत्र आणि न्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. पुण्यात जास्त फसगत होते ती फ्लॅटच्या भाडेकरारात. ॲपवर दोघांनी ‘मान्य’ केलं तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरून पुढे जातात. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर आधार व बोटांच्या ठशाने हे काम घरबसल्या होतं.

मोठ्या रकमेच्या व्यावसायिक करारांत मुद्रांकही विसरू नका. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात ‘दस्तऐवज’ या शब्दात इलेक्ट्रॉनिक नोंदही येते, आणि शुल्क न भरलेला दस्त फरक व दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही. अनेक किरकोळ दस्तांचं किमान शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून ₹१०० वरून ₹५०० झालं आहे. असे करार क्लिकवर न सोडता ई-मुद्रांक आणि आधार ई-साइनने करा.