लाखेच्या तबकडीवरून छोट्या कंपनीचा माग कसा काढायचा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात आणि रेकॉर्डींच्या ढिगात ‘यंग इंडिया’ हे नाव दिसलं, तर ती तबकडी आधी बाजूला काढा, भाव मग करा. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल. कारखाना वडाळ्याला. १९३५ ते १९५५, एवढाच काळ ती चालली. समोर कलकत्त्याजवळ डमडमला कारखाना असलेली बलाढ्य रेकॉर्ड कंपनी एचएमव्ही. तरीही या लोकांनी कितीतरी हौशी, फारशा नावाजलेल्या नसलेल्या गायकांचे आवाज लाखेत उतरवून ठेवले. त्यातले अनेक आवाज दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, म्हणून मला या कंपनीचं इतकं अगत्य.

घरी आणल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो. लेबलवर कुणी शाईनं नाव-तारीख घातली असेल तर ती विकत घेतल्याची तारीख, गाणं भरल्याची नव्हे. पाकिटावर दुकानाचा शिक्का असला तर टिपून ठेवा, पण त्यावर भिस्त नको. इतक्या वर्षांत पाकिटं हजारदा बदललेली असतात.

मग धुणं. साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि हात रेषांच्या दिशेनंच फिरवायचा. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. स्पिरिट चुकूनही नको, लाख त्यात विरघळते. माझी पहिली तबकडी मी अशीच घालवली. त्या बाईंचा आवाज मला पुन्हा मिळालेला नाही.

आता खरं काम. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा. गाण्याच्या रेषा संपतात तिथून लेबलपर्यंत जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात आणखी एक बारीक क्रमांक असतो, तो ध्वनिमुद्रणाचा. खिडकीपाशी उभं राहून तबकडी हळूहळू तिरपी करत जा. एका कोनात उजेड बरोबर पडतो आणि आकडे उठून दिसतात. हे क्रमांक वहीत ओळीनं मांडले की एकाच बैठकीत भरलेली गाणी शेजारी-शेजारी येऊन बसतात. त्यातल्या एकाचं साल नक्की ठाऊक असेल, नाटकातलं पद असेल किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात सापडली असेल, तर शेजाऱ्यांचंही साल अंदाजानं लागतं. अंदाज पेन्सिलीनं लिहा, पक्कं झालं की शाईनं.

ऐकताना एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांची, सुई लावू नका. ती बारीक असते, रेषेच्या तळाशी घासते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या लाखेच्या तबकड्यांना जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर दर बाजूला नवी पिन.

शेवटी माणसं, म्हणजे गाणाऱ्यांच्या घरची. “कंपनीबद्दल काय आठवतं?” असं विचारलं तर कुणाला काही आठवत नाही. सांगलीच्या एका आजींचे थोरले बंधू शाळेत असताना गायले होते. आजींना कंपनीचं नावही माहीत नव्हतं. मी साल विचारलं, त्या गप्प. मग विचारलं, “दादा तेव्हा कितवीत होते?” तर झटकन म्हणाल्या, “सातवीत. त्याच वर्षी आक्काचं लग्न झालं.” लग्नाची पत्रिका ट्रंकेत होती. गाणं भरायला जाताना घरची बाजाची पेटी बरोबर नेली होती, पुण्याला गाडी बदलताना ती वडिलांनी डोक्यावर घेतली होती, हे सगळं त्यामागून आलं.

अशा घरी जाताना गाणं मोबाइलवर भरून घेऊन जा, आणि ते त्यांच्याकडे ठेवूनच उठा. आजींनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्या दादांबरोबर ताना घेत होत्या.