रेड ५ की रेड १०? आधी राइट किती ते मोजा

डेटाबेसचा सर्व्हर लावताना रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत, आकडा तिचा प्रकार सांगतो) निवडायची तर बहुतेक जण एकच बघतात, जागा किती मिळते. आठ डिस्क आहेत, रेड ५ मध्ये सातची जागा मिळते, रेड १० मध्ये चारचीच, मग काय, टाका रेड ५. इथेच गाडी फसते.

कारण रेड ५ वर एक छोटा राइट, म्हणजे डेटा लिहिणं, म्हणजे डिस्कवर चार कामं: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. रेड ६ ला (तिथे पॅरिटी दोन) हीच सहा होतात आणि रेड १० ला (तिथे पॅरिटी नाही, डेटाच्या दोन प्रती) फक्त दोन. आता १० हजार आरपीएमची एक डिस्क साधारण १४० आयओपीएस (सेकंदाला होणारी रीड-राइटची कामं) देते धरा, आठच्या झाल्या ११२०. त्यात ७० टक्के रीड, ३० टक्के राइट असेल तर रेड १० वर जवळपास ८६०, रेड ५ वर ५९०, रेड ६ वर तर ४५० च्या आत. डिस्क त्याच, पैसे तेच!

म्हणून आधी चालू सर्व्हरवर आयओस्टॅट (डिस्कवरचं काम मोजणारी कमांड) गर्दीच्या वेळी लावून ठेवा आणि सेकंदाला रीड किती, राइट किती ते बघा (पहिली ओळ सोडून द्या, ती बूट झाल्यापासूनची सरासरी असते). रिपोर्टिंगचा डेटाबेस असेल, दिवसभर नुसतं वाचनच, तर रेड ५ चालून जातं, उगाच खर्च नको. बिलिंग, ऑर्डर असलं काही असेल तर सरळ रेड १०, आणि जमलं तर पोस्टग्रेस डेटाबेसचा वॉल (WAL, प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) वेगळ्या रेड १ जोडीवर (एका डिस्कची प्रत दुसरीवर) टाका, तो ओळीने लिहिला जातो, त्याला रँडम आयओत (इकडेतिकडे विखुरलेल्या रीड-राइटमध्ये) कशाला घुसवायचं.

आणि रेड कंट्रोलरची (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डची) बॅटरी बघा हो! एकदा रात्री दोनपर्यंत मी क्वेऱ्या ट्यून करत बसलो होतो, इंडेक्स टाकले, व्हॅक्यूम (डेटाबेसची साफसफाई) केलं, काही फरक नाही, शेवटी कळलं की बॅटरी मेलेली आणि कंट्रोलरने गुपचूप राइट-बॅक (आधी कॅशमध्ये घेऊन डिस्कवर नंतर लिहिणं) बंद करून राइट-थ्रू लावलंय, म्हणजे प्रत्येक कमिट थेट डिस्कची वाट बघत बसलेला. बॅटरी नसताना राइट-बॅक जबरदस्तीने चालू करू नका मात्र, लाइट गेली की डेटा गेला.

लाइव्ह करण्याआधी एफआयओने (डिस्कचा वेग तपासणारं टूल) ८ केबी ब्लॉकचे रँडम राइट मारून बघा, पण फाइलवर, थेट डिस्कच्या नावावर नाही, नाहीतर सगळं पुसलं जाईल. टेस्ट चालू असताना एक डिस्क काढून परत लावूनही बघा, रीबिल्डमध्ये (त्या डिस्कवर डेटा परत भरताना) स्पीड किती पडतो ते तेव्हाच कळलेलं बरं.