मसाई मारातील तंबूत राहण्यापूर्वी
सोलापूरहून केनियातील मसाई माराच्या आलिशान तंबूत मुक्कामाला जाणार असाल, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र भारतात परतताना तपासले जाते. नैरोबीहून सुटणाऱ्या छोट्या विमानांत साधारण 15 किलोच सामान चालते. म्हणून मऊ कापडी बॅगच न्यावी. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी असल्याने शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात भरावी. हा डबा मात्र तंबूत मुळीच न ठेवता तेथील स्वयंपाकघरात सोपवावा. अन्नाच्या वासाने माकडे तंबूची चेन उघडून आत शिरतात. बहुतेक तंबूंभोवती कुंपण नसते आणि पाणघोडे रात्री चरायला नदीबाहेर येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर पहारेकऱ्याला बोलावल्याशिवाय एक पाऊलही बाहेर टाकू नये. पहाटेच्या सफारीत थंडी चांगलीच बोचते; स्वेटर हाताशी असावा.